शून्य टक्के, तरी दरमहा १३६ डॉलर : ताठरतादोषाच्या एका अपिलाचा प्रकरण अभ्यास

लष्करी सेवेमुळे जडलेल्या दुखण्याची भरपाई अमेरिकेत माजी सैनिक व्यवहार विभाग देतो. सगळे त्याला व्हीए म्हणतात. गुडघा, पाठ, कान, मानसिक आघात यांचे दावे माजी सैनिक उघडपणे करतात. ताठरतादोषाचा, म्हणजे इरेक्टाइल डिसफंक्शनचा दावा मात्र पुष्कळ जण वर्षानुवर्षं टाळतात, आणि केलाच तर पहिला नकार आला की गप्प बसतात. सेवेतल्या आघातावर घ्यावी लागणारी गोळी ज्याच्या संसारात शिरली, त्यानं लाजेपोटी हक्काचे पैसे सोडून द्यावेत हे योग्य नाही. शिवाय यातले बरेच नकार टिकण्यासारखे नसतात. डॉक्टरांना विचारलेला प्रश्न अपुरा असतो, आणि अपुऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर दावा फेटाळलेला असतो.

इथलं प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. व्हीएच्या नकारांवरची अपिलं ऐकणाऱ्या बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्सचे निकाल नावं वगळून जाहीर होतात. त्यांत पुन्हा पुन्हा दिसणारे घटक एकत्र करून ते रचलं आहे. माणूस, तारखा आणि औषधाच्या मात्रा रचलेल्या आहेत. कायदे, फॉर्म, न्यायनिवाडे आणि भरपाईचे दर खरे आहेत.

दावेदार आणि त्याचे कागद

दावेदाराचा जन्म १९८२चा. २००४-०५ मध्ये तो इराकमध्ये तैनात होता. २०१२ मध्ये त्याचा पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर मानसिक विकार, सेवासंबद्ध, म्हणजे लष्करी सेवेमुळे जडलेला, ठरला आणि त्याला अपंगत्वाचा ५० टक्के दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम सुरू झालं. पीटीएसडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिलेली औषधं दोनच आहेत, सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन, आणि ही दोन्ही एसएसआरआय या नैराश्यविरोधी औषधांच्या गटातली. ऑगस्ट २०१३ मध्ये मात्रा १०० वर गेली, २०१४च्या मध्यावर १५० वर. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यानं प्रथमच डॉक्टरांना ताठरतेची तक्रार सांगितली. जानेवारी २०१५ मध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची गोळी, लिहून दिलं गेलं. टेस्टोस्टेरॉन सामान्य, रक्तातली सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ५.४, मधुमेह नाही.

पुढे याच कागदांतली दोन पानं महत्त्वाची ठरली. पहिल्या पानावर २०१६ची नोंद होती: मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हळूहळू थांबवून बुप्रोपिऑन हे दुसऱ्या गटातलं औषध दिलं. चार महिन्यांत ताठरता बरीच सुधारली, पण भयस्वप्नं आणि चिडचिड वाढली, म्हणून सर्ट्रालिन पुन्हा सुरू करावं लागलं आणि तक्रारही परतली. दुसऱ्या पानावर २०१८ मध्ये झालेलं उच्च रक्तदाबाचं निदान होतं. रक्तदाब सेवासंबद्ध नव्हता, त्यासाठी लिसिनोप्रिल चालू होतं.

१८ जानेवारी २०२२ रोजी त्यानं २१-०९६६ हा फॉर्म भरला. हा दावा करण्याचा इरादा कळवणारा फॉर्म. यानंतर पूर्ण दावा भरायला एक वर्ष मिळतं, आणि दावा मंजूर झाला तर तारीख इराद्याची धरली जाते. पूर्ण दावा, फॉर्म २१-५२६ईझेड, त्यानं ९ मार्चला दिला. त्यात एक वाक्य नेमकं लिहिलेलं होतं: ताठरतादोष हा सेवासंबद्ध पीटीएसडी आणि त्यावर घ्यावी लागणारी औषधं यांच्यामुळे झालेला किंवा वाढलेला आहे. हे एक वाक्य दाव्यात असणं फार मोलाचं. नुसतं ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ एवढंच लिहिलं की विभाग कधी थेट सेवेतल्या वैद्यकीय नोंदीच शोधत बसतो, आणि तिथे काही नसतंच.

कायदा काय मागतो

असा दावा दुय्यम सेवासंबंधाचा असतो. शीर्षक ३८च्या नियमावलीतलं कलम ३.३१० सांगतं की सेवासंबद्ध आजारामुळे दुसरा आजार झाला किंवा बळावला, तर तोही सेवासंबद्ध धरायचा. आजारावरच्या औषधाचा दुष्परिणाम त्याच कलमात बसतो. वॉलिन विरुद्ध वेस्ट या १९९८च्या निकालानं तीन गोष्टी मागितल्या: आज अस्तित्वात असलेलं निदान, आधी सेवासंबद्ध ठरलेला आजार, आणि दोघांना जोडणारा वैद्यकीय पुरावा. पहिल्या दोन गोष्टींवर इथे वाद नव्हता. तिसरीला तिथले लोक नेक्सस म्हणतात, आणि जवळजवळ सगळी लढाई तिथेच होते.

पुराव्याचा निकष सैल आहे, हे डॉक्टरांनाही पुष्कळदा माहीत नसतं. खात्री लागत नाही. ‘असण्याची शक्यता नसण्याइतकीच आहे’ एवढं पुरतं. पुरावा दोन्ही बाजूंनी साधारण समतोल असेल तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला द्यायचा, असं कायद्याचं कलम ५१०७ सांगतं, आणि १९९०च्या गिल्बर्ट विरुद्ध डर्विन्स्की या निकालापासून न्यायालयानं ते घट्ट धरलं आहे.

पहिला नकार: एका परिच्छेदात तीन भोकं

मे २०२२ मध्ये व्हीएनं नेमलेल्या कंत्राटी डॉक्टरांनी तपासणी केली. पुरुष जननेंद्रियांच्या विकारांसाठी ठरावीक प्रश्नावली असते, तिला डीबीक्यू म्हणतात. तिच्यात दोन प्रश्न शेजारी शेजारी येतात: औषधाशिवाय संभोगाला पुरेशी ताठरता येते का, आणि औषध घेऊन येते का? दावेदाराचं पहिलं उत्तर ‘नाही’ होतं, दुसरं ‘कधी कधी’. दोन्ही खरी होती आणि तशीच लिहिली गेली. काही जण घाईत एकाच प्रश्नाचं उत्तर देतात किंवा ‘गोळीनं भागतं’ एवढंच बोलून उठतात. मग औषधाशिवायची अवस्था कागदावर येतच नाही.

अडचण निदानात नव्हती, अभिप्रायात होती. त्याचा सारांश असा: दोष पीटीएसडीमुळे असण्याची शक्यता कमी आहे, कारण उच्च रक्तदाब, वजन आणि वाढतं वय ही या दोषाची ज्ञात कारणं आहेत. २२ जुलै २०२२च्या पत्रानं दावा फेटाळला.

अभिप्राय शांतपणे वाचला की पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते हे, की त्यात सर्ट्रालिनचं नावच नाही. दाव्यात औषधाचा उल्लेख स्पष्ट होता, तरी उत्तर दिलं गेलं ते फक्त पीटीएसडीबद्दल. दुसरी उणीव, ‘मुळे झालेला नाही’ याचं उत्तर आहे, ‘बळावलेला नाही’ याचं नाही. एल-अमीन विरुद्ध शिन्सेकी या २०१३च्या निकालानं ठरवलं आहे की ‘संबंधित नाही’ किंवा ‘मुळे नाही’ अशा शब्दांनी बळावण्याचा प्रश्न मिटत नाही. पुढे २०१९ मध्ये वॉर्ड विरुद्ध विल्की या निकालानं हेही सांगितलं की दुय्यम दाव्यात आजार कायमचा बळावला पाहिजे अशी अट घालता येत नाही. तिसरी उणीव मात्र सगळ्यांत घातक होती. रक्तदाबाचं निदान २०१८चं, तक्रार २०१४ची. जो आजार तेव्हा नोंदीतच नव्हता तो कारण म्हणून पुढे केला होता. चुकीच्या वस्तुस्थितीवर बेतलेल्या मताला पुरावा म्हणून किंमत नाही, हे रिओनाल विरुद्ध ब्राउन या निकालानं १९९३ मध्येच सांगून ठेवलं आहे.

हे सगळं नकारपत्रावरून कळत नाही. पत्रात डॉक्टरांच्या मताची एक-दोन वाक्यं असतात. पूर्ण अभिप्राय हाती यायला दाव्याची संपूर्ण फाइल मागवावी लागते. त्यासाठी २०-१०२०६ हा फॉर्म आहे. फाइल न वाचता केलेलं अपील म्हणजे अंधारात मारलेला दगड.

नकारपत्रातली एक गोष्ट मात्र जपून ठेवावी. त्यात ‘अनुकूल निष्कर्ष’ म्हणून एक भाग असतो. इथे ताठरतादोषाचं निदान मान्य असल्याचं त्यात लिहिलेलं होतं. कलम ३.१०४ प्रमाणे असा निष्कर्ष पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर बंधनकारक असतो. तो मोडायचा तर स्पष्ट आणि निःसंदिग्ध चूक दाखवणारा पुरावा लागतो. म्हणजे पुढे निदानावर शक्ती खर्च करायचं कारण उरलं नाही.

कुठली वाट धरायची

१९ फेब्रुवारी २०१९ पासून अपिलाची नवी पद्धत लागू आहे. नकारानंतर एका वर्षात तीनपैकी एक वाट धरायची. फॉर्म २०-०९९६ भरून वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, म्हणजे हायर लेव्हल रिव्ह्यू. फॉर्म २०-०९९५ भरून नव्या पुराव्यासह सप्लिमेंटल क्लेम. किंवा फॉर्म १०१८२ भरून थेट बोर्डाकडे. प्रत्येक नकारानंतर वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकत राहिलं, तर मूळ तारीख शाबूत राहते. एकदा जरी वर्ष उलटलं, तर नंतर मिळणारी मंजुरी सहसा नव्या अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि आधीच्या वर्षांचे पैसे बुडतात. ही चूक सर्रास होते आणि ती भरून निघत नाही.

दावेदारानं ३ नोव्हेंबर २०२२ रोजी फेरतपासणी मागितली. निवड बरोबर होती, कारण इथे चूक विभागाच्या कामात होती आणि ती दाखवायला नवा कागद लागत नव्हता. या वाटेवर नवा पुरावा घेतलाच जात नाही. डॉक्टरांचं नवं पत्र जोडून फेरतपासणी मागणारे लोक पुष्कळ आहेत, आणि ते पत्र कुणी वाचत नाही. अधिकाऱ्याशी फोनवर अनौपचारिक बोलण्याची सोय मात्र असते, तिचा फायदा घेतला गेला. दावेदाराच्या प्रतिनिधीनं, एका माजी सैनिक संघटनेच्या मान्यताप्राप्त कार्यकर्त्यानं, अभिप्रायातल्या तिन्ही उणिवा पानांच्या क्रमांकासह सांगितल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकाऱ्यानं पहिल्या दोन उणिवा मान्य केल्या. साहाय्य करण्याच्या कर्तव्यात चूक झाली असं म्हणून प्रकरण नव्या अभिप्रायासाठी परत पाठवलं. तारखांच्या घोळाबद्दल मात्र काही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी दावेदाराला न पाहता फाइलवरून मत दिलं. आता औषधाचा उल्लेख आला, पण असा: एसएसआरआय गटानं मुख्यतः वीर्यस्खलनाला उशीर होतो आणि इच्छा कमी होते, ताठरतादोष मात्र बहुधा रक्तवाहिन्यांचा असतो, म्हणून सर्ट्रालिन कारण असण्याची शक्यता कमी. बळावण्याबद्दल लिहिलं होतं की मूळ अवस्थेची नोंद नसल्याने तुलना शक्य नाही. १२ जून २०२३ रोजी पुन्हा नकार आला.

दुसरं मत पहिल्यापेक्षा हुशार होतं. वाक्याचा पहिला भाग वैद्यकीयदृष्ट्या खोटा नाही, स्खलन लांबणं हा या औषधांचा फार आढळणारा त्रास आहेच. पण ‘मुख्यतः’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. सर्ट्रालिनच्या अधिकृत माहितीपत्रकात ताठरता न येणं स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे. आणि सर्वसाधारण रुग्णांत काय बहुधा घडतं, यावरून या एका माणसात काय घडलं ते ठरत नाही. २०१६च्या नोंदीकडे डॉक्टरांनी पाहिलंच नव्हतं. बळावण्याच्या मुद्द्याला मात्र खरंच धार नव्हती. कलम ३.३१० मूळ अवस्थेचा वैद्यकीय पुरावा मागतं, आणि सर्ट्रालिनआधी दोषच नव्हता, तर मूळ अवस्था कसली दाखवणार? म्हणून पुढचा सगळा भर थेट कारणसंबंधावर द्यायचं ठरलं.

चांगलं नेक्सस पत्र कसं दिसतं

आता नवा पुरावा हवा होता, म्हणून वाट सप्लिमेंटल क्लेमची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन कागद जोडले गेले: २०१३पासूनची औषधविक्रीची नोंद, पत्नीचं निवेदन आणि मूत्ररोगतज्ज्ञांचं पत्र.

मूत्ररोगतज्ज्ञांचं पत्र दोन पानांचं होतं. सुरुवातीला कोणत्या नोंदी वाचल्या त्या तारखांसह दिल्या. मग क्रम: २०१३ मध्ये औषध सुरू, मात्रा १५० वर गेल्यानंतर काही महिन्यांत तक्रार, त्याआधी ताठरतेची एकही तक्रार नाही. पुढचा परिच्छेद सगळ्यांत वजनदार होता. औषध थांबलं तेव्हा ताठरता सुधारली, औषध परतलं तेव्हा ती पुन्हा गेली, आणि या काळात वजनात वा इतर औषधांत बदल नव्हता. औषधाचा दुष्परिणाम एका रुग्णात ओळखण्याची याहून चांगली खूण बाह्यरुग्ण विभागात सहसा मिळत नाही. त्यानंतर दुसऱ्या कारणांचा विचार एकेक करून केला होता: मधुमेह नाही, संप्रेरकं सामान्य, रक्तदाबाचं निदान तक्रारीनंतर साडेतीन वर्षांनी, लिसिनोप्रिलही तेव्हाच सुरू झालेलं, आणि ३२ वर्षं हे वय म्हणून कारण दाखवण्यासारखं नाही. वजन थोडं जास्त होतं हे मान्य केलं होतं, लपवलं नव्हतं. शेवटी निष्कर्ष कायद्याच्या मोजमापात: पीटीएसडीसाठी दिलेल्या सर्ट्रालिनमुळे हा दोष असण्याची शक्यता किमान पन्नास टक्के आहे. वजनाचा थोडा हातभार असला तरी औषध नसतं तर दोष उद्भवला नसता.

शेवटचं वाक्य सहज आलेलं नाही. स्पायसर विरुद्ध मॅकडोनॉ या २०२३च्या निकालात फेडरल सर्किट न्यायालयानं सांगितलं की कारणसंबंधासाठी ‘हे नसतं तर ते झालं नसतं’ ही कसोटी लावायची. एकापेक्षा जास्त कारणं असली तरी चालतं, सेवासंबद्ध कारण एकमेव असण्याची गरज नाही.

पत्रं कुठे फसतात ते यावरूनच कळतं. ‘सर्ट्रालिनमुळे ताठरतादोष होऊ शकतो’ एवढ्या ‘होऊ शकतो’ला किंमत नाही, ते नुसतं शक्यतेचं बोलणं होतं. निष्कर्ष ठाम पण कारण एका ओळीत, असं पत्रही पडतं. नीव्हज-रॉड्रिग्ज विरुद्ध पीक या २००८च्या निकालाप्रमाणे मताचं वजन त्यामागच्या युक्तिवादात असतं, नुसती फाइल वाचली म्हणून वजन येत नाही. आणि ठरावीक नमुन्यात नाव बदलून विकली जाणारी पत्रं न्यायाधीशांना लगेच ओळखू येतात. उपचार करणारे स्वतःचे डॉक्टर तयार होत असतील, तर त्यांना तारखांची एक पानी यादी करून द्यावी. बहुतेक डॉक्टर मदत करायला तयार असतात. नेमकं काय लिहायचं एवढंच त्यांना ठाऊक नसतं.

पत्नीचं निवेदन २१-१०२१० या फॉर्मवर होतं. संबंधांत बदल कधीपासून जाणवला, २०१६च्या त्या महिन्यांत काय फरक पडला, आणि औषध परतल्यावर काय झालं, एवढंच तिनं लिहिलं. कारणाबद्दल एक अक्षरही नाही. प्रत्यक्ष अनुभवलेली गोष्ट सांगायला सामान्य माणूस पुरेसा असतो, औषधाच्या परिणामाचं निदान करायला नसतो. तिनं ती मर्यादा पाळली म्हणून तिचं म्हणणं टिकलं. इतकी खाजगी गोष्ट सरकारी फॉर्मवर लिहायला धैर्य लागतं, आणि ते धैर्य कामी येतं. ज्यांच्याकडे त्या काळातली वैद्यकीय नोंदच नाही त्यांनी ब्युकॅनन विरुद्ध निकल्सन हा २००६चा निकाल ध्यानात ठेवावा: केवळ समकालीन वैद्यकीय नोंद नाही म्हणून असं निवेदन अविश्वसनीय ठरवता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रादेशिक कार्यालयानं पुरावा नवा आणि प्रस्तुत असल्याचं मान्य केलं, तरी व्हीएच्या डॉक्टरांच्या मताला जास्त वजन देऊन तिसऱ्यांदा नकार दिला. इथे पुष्कळांचा धीर सुटतो. खरं तर फाइल आता पहिल्यांदाच पूर्ण झाली होती.

बोर्ड

एप्रिल २०२४ मध्ये फॉर्म १०१८२ गेला. बोर्डाकडेही तीन रांगा आहेत: आहे त्या कागदांवर थेट निर्णय, ९० दिवसांत आणखी पुरावा देण्याची मुभा, आणि न्यायाधीशांसमोर सुनावणी. लागणारा सगळा पुरावा आधीच दाखल होता, म्हणून थेट निर्णयाची रांग निवडली. इथे फेब्रुवारी २०२४च्या निर्णयापर्यंतचे कागदच पाहिले जातात. सुनावणीत आपलं म्हणणं ऐकलं जाईल या आशेनं लोक ती रांग धरतात, पण ज्या प्रकरणात वाद दोन डॉक्टरांच्या मतांचा आहे तिथे दावेदाराच्या तोंडी बोलण्यानं फार फरक पडत नाही, थांबावं मात्र जास्त लागतं.

सोबत दीड पानाचं टिपण जोडलं. त्यात कायद्याची व्याख्यानं नव्हती. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला प्रत्येक मतानं त्या तारखेचं काय केलं, एवढाच तक्ता आणि खाली रिओनाल व नीव्हज-रॉड्रिग्ज यांचा उल्लेख.

मे २०२५ मध्ये दावा मंजूर झाला. मे २०२२च्या मताला न्यायाधीशांनी वजन दिलं नाही, कारण त्याचा पाया चुकीच्या तारखेवर होता. एप्रिल २०२३चं मत सर्वसाधारण विधानांवर थांबलं होतं आणि २०१६मधल्या सुधारणेचा विचार त्यात नव्हता. मूत्ररोगतज्ज्ञांचं पत्र याच रुग्णाच्या नोंदींना धरून होतं, पत्नीचं निवेदन त्याला जुळत होतं. पुरावा किमान समतोल आहे, म्हणून संशयाचा फायदा देऊन सेवासंबंध मान्य. बोर्ड स्वतःचं वैद्यकीय मत बनवू शकत नाही, हे १९९१च्या कोल्विन विरुद्ध डर्विन्स्की या निकालानं पक्कं केलं आहे. फाइलमध्ये अनुकूल वैद्यकीय मत नसतं तर मंजुरीला आधारच उरला नसता. फार तर प्रकरण आणखी एका अभिप्रायासाठी परत गेलं असतं.

निकाल विरोधात गेला असता तर १२० दिवसांत माजी सैनिकांच्या अपील न्यायालयात जाता आलं असतं, किंवा वर्षाच्या आत नव्या पुराव्यासह पुन्हा सप्लिमेंटल क्लेम करता आला असता.

शून्य टक्क्यांचा अर्थ

बोर्ड मंजुरी देतं, टक्केवारी प्रादेशिक कार्यालय ठरवतं. जून २०२५चं पत्र आलं: ताठरतादोषाचा निदान संकेत ७५२२, दर्जा शून्य टक्के, १८ जानेवारी २०२२पासून. भारतीय लष्कराच्या अपंगत्व निवृत्तिवेतनात २० टक्क्यांचा उंबरठा ज्यांना माहीत आहे, त्यांना हा शून्य म्हणजे पराभवच वाटेल. इथे तसं नाही.

१४ नोव्हेंबर २०२१पूर्वी याच संकेताखाली २० टक्के मिळू शकत, पण लिंगाची विकृती आणि ताठरता जाणं या दोन्ही गोष्टी लागत. विकृती बाहेरून दिसलीच पाहिजे असं नाही, आतली असली तरी चालते, असं २०१८च्या विल्यम्स विरुद्ध विल्की या निकालानं सांगितलं होतं. नव्या नियमानं विकृती असो वा नसो, दर्जा शून्यच ठेवला. आमच्या दावेदाराची तारीख त्यानंतरची असल्यामुळे २० टक्क्यांसाठी भांडण्यात अर्थ नव्हता. ज्यांना जुन्या नियमाखाली २० टक्के मिळाले आहेत त्यांचा दर्जा केवळ तक्ता बदलला म्हणून कमी करता येत नाही.

पैसा येतो तो दुसऱ्या दारानं. प्रजननेंद्रियाचा उपयोग गेल्यास विशेष मासिक भरपाई मिळते. कायद्याच्या कलम १११४ मधल्या ‘के’ या अक्षरावरून तिला एसएमसी-के म्हणतात. ती टक्केवारीच्या भरपाईवर अधिकची मिळते आणि मूळ दोषाचा दर्जा शून्य असला तरी मिळते. जूनच्या पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. ती वेगळी मागावी लागू नये, पुराव्यातून दिसत असेल तर विभागानं आपणहून विचारात घ्यावी, हे एकल्स विरुद्ध डर्विन्स्की या निकालानं १९९१ मध्ये सांगितलं. संकेत ७५२२ ज्या तक्त्यात आहे तिथली तळटीपही तेच बजावते. तरी ती सुटते. म्हणून मंजुरीपत्र आलं की आनंदात बाजूला ठेवू नये. सोबतच्या संकेतपत्रिकेवर ‘के’ आहे का ते आधी पाहावं.

नवा पुरावा लागत नसल्यामुळे जुलैमध्ये पुन्हा फेरतपासणी मागितली, सोबत डीबीक्यूमधल्या त्या दोन उत्तरांचं पान नमूद केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्ती झाली.

हिशेब असा. भरपाई तारखेनंतरच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे १ फेब्रुवारी २०२२पासून. नोव्हेंबर २०२२पर्यंत १० महिने, दर ११८.३३ डॉलर: १,१८३.३०. पुढचे १२ महिने १२८.६२ दरानं: १,५४३.४४. त्यापुढचे १२ महिने १३२.७४ दरानं: १,५९२.८८. डिसेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ हे १० महिने १३६.०६ दरानं: १,३६०.६०. एकूण ५,६८०.२२ डॉलर थकबाकी. ऑक्टोबर २०२५च्या दरानं एकट्या माणसाचे ५० टक्क्यांचे १,१०२.०४ आणि ‘के’चे १३६.०६ मिळून महिन्याला १,२३८.१०. वकील असता आणि नेहमीचा २० टक्क्यांचा करार असता, तर थकबाकीतून १,१३६.०४ डॉलर गेले असते. मान्यताप्राप्त संघटना हेच काम विनामूल्य करतात, आणि या आकाराच्या दाव्याला तोच मार्ग शहाणपणाचा.

या हिशेबातली सल एकच. दोष २०१४पासून आहे, पैसे २०२२पासून. सात वर्षं दावाच केला नव्हता, आणि दावा नसलेल्या काळाची भरपाई कुठलंही अपील मिळवून देत नाही.

ज्यांचं कारण वेगळं आहे

व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकामुळे टाइप २ मधुमेह आणि प्रोस्टेटचा कर्करोग सेवासंबद्ध मानले जातात, आणि विषारी द्रव्यांशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या ऑगस्ट २०२२च्या पॅक्ट कायद्यानं त्या यादीत उच्च रक्तदाबही घातला. अशा माणसाला रक्तदाब हे नकाराचं कारण राहत नाही, उलट तोच दुवा बनतो. जुना नकार रक्तदाबाचं कारण देऊन आला असेल तर तो काढून पुन्हा वाचावा. मधुमेहात एक वेगळीच गल्लत होते. शून्य टक्क्यांची गुंतागुंत मधुमेहाच्या दर्जातच धरायची असा नियम आहे, त्यामुळे पत्रात ‘मधुमेह, ताठरतादोषासह’ एवढंच येतं आणि ‘के’ विसरली जाते. प्रोस्टेट काढल्यानंतर कारणाबद्दल सहसा वादच नसतो, तिथे फक्त तारीख आणि ‘के’ तपासायची. स्त्रियांसाठी मे २०१८पासून लैंगिक उत्तेजनाच्या विकाराला ७६३२ हा संकेत आहे, त्यालाही शून्य टक्के आणि ‘के’चा विचार. सर्ट्रालिनचा लैंगिक दुष्परिणाम स्त्रियांवरही होतो, म्हणून वर सांगितलेली पुराव्याची रचना त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते.

मंजुरीनंतर औषध बदललं आणि दोष सुधारला तर विभाग पुन्हा तपासणी मागू शकतो. भरपाई कमी करण्याआधी मात्र सूचना देऊन उत्तराला वेळ द्यावा लागतो. सेवासंबंध दहा वर्षं टिकला की फसवणुकीसारखं कारण असल्याशिवाय तो काढून घेता येत नाही. आमच्या दावेदारासाठी ती तारीख १८ जानेवारी २०३२. तोवर मूत्ररोगतज्ज्ञांकडे वर्षातून एकदा जाऊन औषधाशिवायची आणि औषधासहची अवस्था नोंदवून घ्यावी.